आधी दार मोजा

रविवारी सकाळी ट्रकचं इंजिन एकदाचं सुरू झालं तेव्हा मापवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं निम्मं आनंदाचं होतं आणि निम्मं धुराचं, कारण शेडचं दार बंद होतं. मिस्त्रीनं खोकत खोकत दोन्ही कवाडं उघडली. धूर अंगणात गेला, तिथून स्वयंपाकघराच्या खिडकीत गेला, आणि आतून सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, चालू झाली की पेटली?"

"चालू झाली," मापवाले म्हणाले. हे दोन शब्द उच्चारायला त्यांना अख्खं वर्ष लागलं होतं.

मापवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात नोकरीला होते. गिऱ्हाइकानं कपाट किंवा सोफा पसंत केला, की त्याच्या घरी जायचं, दारं, जिने, वळणं मोजायची आणि ती वस्तू आत जाईल की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. जिन्याच्या वळणाकडे नुसतं बघून ते सांगत, "पलंग जाईल, पण उभा करून, आणि डोक्याकडची बाजू खाली." आणि पलंग तसाच जायचा. "आधी दार मोजा" हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की गल्लीत कोणी नुसती छत्री विकत घेतली तरी लोक त्याला हसून तेच सांगत.

अशा या मोजूनमापून जगणाऱ्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट न मोजता केली, ती म्हणजे प्रेम, आणि तेही एका ट्रकवर. ट्रक जंगलखात्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला होता. छोटा, चारही चाकांनी ओढणारा, मागं लोखंडी छपराचा हौदा. भंगारवाल्याच्या आवारात तो गवतात रुतून बसला होता आणि त्याच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत होती. मापवाल्यांनी कोंबडीसाठी पर्यायी सोय केली आणि ट्रक ओढत घरी आणला.

तो ठेवला शेडमध्ये, आणि शेड मापवाल्यांनी बायकोला कबूल केलेली होती. ती घरी शिवणकाम करायची आणि बायकांना शिकवायचीही. तिची मशिनं अर्धी झोपायच्या खोलीत आणि अर्धी स्वयंपाकघरात होती. कापलेले तुकडे पलंगाखाली सापडत आणि नव्या कोऱ्या कपड्यांना तळणाचा वास येई. "दोन महिन्यांत गाडी बाहेर आणि तू आत," असं मापवाल्यांनी सांगितलं होतं. ते दोन महिने फार लांबले. शेवटी एका संध्याकाळी बायकोनं दोरा दातानं तोडला आणि शांतपणे निकाल दिला.

"येत्या रविवारी दुपारी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर गाडी स्वतःच्या इंजिनावर, स्वतःच्या चाकांवर या शेडमधून बाहेर पडली तर ती तुमची. मी परत एक शब्द बोलणार नाही. नाही पडली, तर तो तिथंच कापून तुकडे करून नेईल."

"आणि शेडचं?"

"शेडचं मग बघू," ती म्हणाली.

मापवाल्यांना हा सौदा चांगला वाटला. गाडी बाहेर काढायची, गल्लीतून एक ऐटदार फेरी मारायची आणि संध्याकाळी परत आत आणून लावायची. बायको एक शब्द बोलणार नाही, हे तिनंच कबूल केलं होतं.

राहता राहिलं काम, ते तर वर्षभर चाललंच होतं. खिशात दम नव्हता, म्हणून जे जे फुकट किंवा फुकटासारखं मिळेल ते गाडीला लागलं. सीट म्हणून पाडलेल्या थिएटरच्या खुर्च्या आल्या, त्यांवर नंबर तसेच होते. पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून वर जाणारा पाइप हवा होता, तो न्हाणीघराच्या उरलेल्या पाइपातून झाला. मिस्त्री मोठा उत्साही माणूस. त्याच्या मते गाडी जितकी उंच तितकी इज्जतदार. त्यानं कुठून तरी एका मोठ्या लॉरीचे जाडजूड कमानपाटे, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगा, आणि तिचेच टायर मिळवले आणि बदल्यात गाडीचे जुने, पिचलेले पाटे नि चाकं भंगारवाल्याला देऊन टाकली. टपावर कॅरिअर हवं होतं, तर सासूबाईंनी आपली जुनी लोखंडी खाट दिली. अट एवढीच, की खाट आहे तशी राहिली पाहिजे. मिस्त्रीनं ती पायांसकट उलटी करून टपाला वेल्डिंगनं जोडली. चारी पाय आकाशाकडे करून ती खाट अशी काही दिसत होती, की मापवाले दर संध्याकाळी दुकानातून आल्यावर चहाच्या आधी तिलाच बघून यायचे.

बायको या सगळ्यात पडत नव्हती. ती कुठल्याशा मोठ्या कामात होती. घरभर हिरवं जाड कापड पसरलेलं असायचं आणि मशीन घरघरत असायचं.

"तंबू कुणाचा शिवतेस?" मापवाल्यांनी एकदा विचारलं.

"आहे एक गिऱ्हाईक."

"मोठं दिसतंय."

"हट्टी आहे," ती म्हणाली आणि सुई बदलली.

पाटे बसवले त्या दिवशी मात्र ती गळ्यात टेप अडकवून शेडमध्ये आली होती. मापवाले गाडीखाली होते. त्यांना तिच्या फक्त चपला दिसल्या. चपला गाडीभोवती हळूहळू फिरल्या, दाराशी थांबल्या, परत आल्या. मग वरून आवाज आला, "चहा ठेवू?" मापवाल्यांना फार बरं वाटलं. हळूहळू हिलाही गाडीचा लळा लागतोय, असं त्यांना वाटलं.

तर असा तो रविवार. इंजिन सुरू झालं होतं, धूर निवळला होता आणि मिस्त्री अंगणात उभा राहून दोन्ही हातांनी "या, या" करत होता. मापवाल्यांनी गिअर टाकला. ट्रक डौलात पुढं सरकला आणि वर कुठंतरी मोठ्यानं टण् झालं.

"थांबा भाऊ," मिस्त्री म्हणाला. "वर लागतंय."

"वर काय लागणार?"

"खाट."

मापवाले खाली उतरले. खाटेचे पुढचे दोन पाय दाराच्या वरच्या तुळईला टेकले होते. आणि टेकलेही असे तसे नव्हते. पायांचं सोडा, खाटेची आडवी पट्टीसुद्धा तुळईच्या खालच्या कडेपेक्षा वर होती. मिस्त्रीनं हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही दार मोजलं नव्हतं?"

हा प्रश्न मापवाल्यांना जन्मात पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्यांनी दार मोजलं होतं. गाडी आणली त्याच दिवशी, टेप लावून, नीट. पण तेव्हा गाडी पिचलेल्या पाट्यांवर नि बसक्या टायरांवर होती. त्यांच्या धंद्यात वस्तू एकदा मोजली की संपलं, कारण सोफा काही वाढत नाही. ट्रक मात्र वर्षभर त्यांच्याच हातून, त्यांच्याच डोळ्यांदेखत वाढत होता, आणि ते रोज संध्याकाळी कौतुकानं बघत होते.

त्यांचे कान तापले. पण दुपार अजून व्हायची होती.

"तुळई काढू या," मिस्त्री म्हणाला.

"वर घराची पाण्याची टाकी आहे."

"मग खाट कापू या. दोन मिनिटांचं काम."

हे वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाई अंगणात हजर झाल्या. "खाटेला करवत लागली तर मी जेवणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या बायकोचा जन्म त्या खाटेवर झालाय, जावईबापू. तिचे पाय कापणार?"

बायकोचे की खाटेचे, हे विचारायची मापवाल्यांची छाती झाली नाही. मिस्त्री मात्र धीट. त्यानं फक्त उभे पाय वाकवायची परवानगी मिळवली, कारण वाकवणं म्हणजे कापणं नव्हे, आणि चारी पाय हातोड्यानं आत दुमडले. सासूबाईंनी तेवढा वेळ डोळे मिटून घेतले. मग टायरांतली बरीच हवा सोडली. फुस्स करत ट्रक खाली बसला, पण खाटेची पट्टी आणि तुळई यांच्यात अजून चार बोटांचं भांडण उरलंच.

तेवढ्यात गल्लीत हॉर्न वाजला. भंगारवाला आपली लॉरी घेऊन वेळेच्या आधीच आला होता. लॉरीत आधीचंच भंगार शिगोशीग भरलेलं होतं. ती त्यानं गल्लीत आडवी लावली, लोखंड कापायच्या गॅसची नळकांडी उतरवली आणि अंगणात खुर्ची मागून घेतली. "सावकाश चालू द्या," तो म्हणाला. "मला घाई नाही."

"आमचे जुने पाटे आहेत का तुमच्याकडे?" मिस्त्रीनं विचारलं.

"वितळले पण असतील आता."

बायकोनं भंगारवाल्याला चहा दिला. मापवाल्यांकडे तिनं एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर त्यांना सोपं गेलं असतं. ते शेडच्या उंबऱ्यावर बसले. आत ट्रक घरघरत होता. वर्षभर या आवाजाची वाट पाहिली, आणि आता ट्रकच कापला जाणार होता. त्यांना रडू येईलसं वाटलं, आणि भंगारवाल्यासमोर ते येऊ नये म्हणून ते दुकानातल्या कामांचा विचार करायला लागले. परवाच एका घरी स्प्रिंगची गादी दारात अडकली होती. हमाल घाम पुसत होते. मग मापवाल्यांनी एका हमालाला सांगितलं होतं की...

ते ताडकन उठले.

"मिस्त्री, सोफा वाढत नाही, पण गादी दबते."

"काय?"

"स्प्रिंगची गादी दारातून जात नसली तर तिच्यावर माणूस बसवायचा. पाटे म्हणजे तरी काय? माणसं आणा."

मिस्त्रीला ते पटलं. "पण भाऊ, हे लॉरीचे पाटे आहेत. दोनचार माणसांना भीक घालणार नाहीत."

मापवाले गल्लीत धावले. इथं एक गोष्ट घडली तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. रविवारच्या सकाळी माणूस घराबाहेर काढणं किती कठीण असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बेकरीवाले पहिल्याच हाकेला बाहेर आले, तेही जुना सदरा घालून आणि काखेत उशी मारून. समोर राहणाऱ्या, शाळेच्या हेडबाई घराला कुलूप लावूनच फाटकात उभ्या होत्या. आणि शिवणवर्गाच्या बायका, ज्यांचा रविवारी वर्गच नसतो, त्या सगळ्या ओळीनं गल्लीच्या टोकाकडून येत होत्या.

"किती जण बसायचं?" बेकरीवाल्यांनी विचारलं. वजनाच्या बाबतीत ते एकटे दोघांना भारी होते.

"गाडी खाली जाईपर्यंत," मापवाले म्हणाले.

मग बायकोनं सूत्रं हातात घेतली. कोणाला पुढं, कोणाला मागं, हे ती बोटानं दाखवत गेली. "बेकरीवाले काका, तुम्ही मधोमध. हेडबाई, तुम्ही त्यांच्यासमोर. आई, तू कुठं चाललीस?"

"खाट माझी, तर तिच्याखाली मी नको?" असं म्हणून सासूबाई थिएटरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि ती मोडते का हे हलवून पाहिलं.

पाटे कुरकुरले. ट्रक बसत गेला. मिस्त्री शिडीवर चढून डोळा लावून बघत होता. "तीन बोटं... दोन... आणखी दोघी येऊ द्या... एक बोट." मग आवाज थांबला. "एका बोटावर अडलंय."

आता अंगणात बायको, मिस्त्री आणि भंगारवाला एवढेच उरले होते. मिस्त्री शिडीवर हवा होता. बायको किडकिडीत. सगळ्यांच्या नजरा भंगारवाल्याकडे वळल्या. तो चांगला भरभक्कम होता, आणि हे त्याच्याही लक्षात आलं.

"मी बसलो तर गाडी निघेल," तो म्हणाला.

"म्हणून तर," बायको म्हणाली.

"म्हणजे माझ्याच वजनानं माझंच नुकसान."

"चहा दोनदा झालाय तुमचा," बायको म्हणाली. "आणि तिसरा ठेवलाय."

भंगारवाल्यानं कप खाली ठेवला. मग तो उठला, चपला झटकल्या आणि हौद्यात चढला. ट्रक एक सुस्कारा सोडून आणखी खाली बसला. मिस्त्री वरून म्हणाला, "कोणी शिंकू नका."

मापवाल्यांनी पहिला गिअर टाकला. तुळई हौद्याच्या टपावरून सरकू लागली. आतले सगळे टपाखाली बसलेले होते, त्यांच्या डोक्यांना काहीच धोका नव्हता, तरी सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. मधेच खरवडल्याचा आवाज आला, थोडा रंग उडाला, सासूबाई "माझी खाट" म्हणाल्या, आणि मागची चाकं उंबरा ओलांडून अंगणात उतरली. ऊन टपावर पडलं. मापवाल्यांनी हॉर्न दाबला. तो वाजला नाही, कारण हॉर्न अजून बसवायचा होता, पण आतल्या सगळ्यांनी तोंडानं वाजवला.

"झालं," भंगारवाला उतरत म्हणाला. "मी माझी लॉरी बाजूला घेतो. तुम्ही जा फिरायला."

त्यानं लॉरी मागं घेतली आणि मागचं चाक गटारावरच्या फरशीवर गेलं. लॉरीत शिगोशीग भंगार होतं. फरशी कडकन मोडली, चाक आत गेलं आणि लॉरी एका कुशीवर कलली. भंगारवाल्यानं जोर करून पाहिला, चाक जागच्या जागी गरगरलं. गल्ली पूर्ण बंद झाली.

"क्रेन बोलवावी लागेल," तो खिडकीतून म्हणाला. "रविवारची मिळायची नाही."

मग हौद्यातून हेडबाईंचा वर्गात घुमावा तसा आवाज आला, "आपण काय उगाच बसलोय का इथं?"

मिस्त्रीनं जाड दोर आणला आणि दोन्ही गाड्यांना बांधला. मापवाले म्हणाले, "मंडळी, उतरा, जोर लागेल." बेकरीवाले म्हणाले, "आम्ही उतरत नाही." आणि ते बरोबरच होतं. टायर बसके होते म्हणून रस्त्याला चिकटून पकड घेत होते, आणि वर अख्खी गल्ली बसल्यामुळे चाकं घसरायचं नाव घेत नव्हती. ज्या ज्या गोष्टीनं सकाळपासून नाक कापलं होतं, ती प्रत्येक गोष्ट आता कामाला आली. मापवाल्यांनी चारही चाकांचा दांडा ओढला. दोर ताठ झाला. ट्रक हुंकारला, न्हाणीघराच्या पाइपातून फुरफुरला, आणि लॉरी आधी इंचभर, मग हातभर, मग पुरती गटारातून वर आली.

टाळ्या इतक्या वाजल्या की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. भंगारवाला खाली उतरून ट्रकभोवती फिरला आणि बॉनेटवर हात ठेवला.

"ही मी भंगारात विकली होती?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच," मापवाले म्हणाले.

मग ते सगळ्यांना घेऊन टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेले; बायको आणि शिवणवर्गातल्या दोघी तेवढ्या काम आहे म्हणून घरी राहिल्या. कच्चा चढ, खड्डे, दगड. गाडी कुठंच अडली नाही. शेवटच्या चढाला तर सासूबाई ड्रायव्हरच्या पाठीवर थोपटून "आणखी थोडं जोरात" असं सांगत होत्या. वर्षभर ज्यांनी डबडं, पेटारा, कोंबडीचं घर म्हणून नावं ठेवली, ते आता पुढच्या रविवारी कुठं जायचं यावर आपसांत भांडत होते. मापवाले आयुष्यात इतके खूश कधीच झाले नव्हते.

उतरताना त्यांनी पंपावर टायरांत हवा भरून घेतली आणि माणसांना ज्याच्या त्याच्या दारात सोडलं. ऊन कलताना ते रिकामी गाडी घेऊन अंगणात आले, शेडसमोर वळवली, आणि ब्रेक दाबला.

शेडमध्ये दिवे लागले होते. जिथं ट्रक होता तिथली फरशी धुऊन पुसून लख्ख झाली होती. भिंतीला लागून शिवणाची मशिनं ओळीनं मांडली होती, मधोमध कापायचं लांब टेबल होतं आणि खुंट्यांवर कपडे लटकत होते. गाडी आता पाट्यांवर आणि फुगलेल्या टायरांवर ताठ उभी होती. खाटेची पट्टी तुळईच्या चांगली वर. अख्खी गल्ली पुन्हा गोळा केल्याशिवाय ती या दारातून आत जाणं शक्य नव्हतं, आणि गेली असती तरी आत जागा कुठं होती?

"अगं," मापवाले म्हणाले, "मग ही ठेवायची कुठं?"

बायको आतून हिरव्या कापडाचा भला मोठा गठ्ठा घेऊन आली. "एक टोक धरा," ती म्हणाली. दोघांनी तो गाडीवर टाकला. आवरण अलगद खाली उतरलं. टपावर खाटेसाठी उंचवटा होता. बाजूला पाइपासाठी बाही शिवलेली होती, खाली काजं आणि नाड्या होत्या. मापवाल्यांनी सवयीनं एक कोपरा ओढून पाहिला, मग दुसरा. कुठं सुरकुती नव्हती, कुठं ताण नव्हता.

"माप कधी घेतलंस?"

"पाटे बसवले त्या दिवशी. तुम्ही खाली होतात. खाट वर होती, तिचे पाय दुमडावे लागणार हे धरूनच मोजलं."

मापवाल्यांना त्या फिरणाऱ्या चपला आठवल्या. "म्हणजे गाडी निघणार नाही हे तुला माहीत होतं."

"निघेल हेही माहीत होतं. बेकरीवाल्यांना मीच सांगितलं होतं, जुना सदरा घालून या, खुर्च्या टोचतात. तुम्हाला सुचलं नसतं तर मी हाक मारणार होते. पण म्हटलं, सुचेल." ती नाडी बांधत होती. "भंगारवाला मात्र माझ्या हिशेबात नव्हता. एक बोट चुकलं माझं."

"मग आधीच सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी ठेंगणी केली असती. आणि ती कायमची माझ्या शेडमध्ये राहिली असती."

मापवाले गाडीभोवती एक चक्कर मारून आले. आपण हरलोय हे त्यांना कळत होतं, पण हरल्यासारखं काही केल्या वाटत नव्हतं. गाडी त्यांची होती, चालत होती आणि तिला नवा कोरा कपडा मिळाला होता. शेवटची नाडी त्यांनी बांधली.

"नीट बसलं का?" बायकोनं विचारलं.

"बसलं," मापवाले म्हणाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी हा शब्द इतक्या मनापासून कधी उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकानं भिंतभर कपाट पसंत केलं. मापवाल्यांनी खिशातून टेप काढली, हातात जरा वेळ खेळवली आणि परत खिशात ठेवली.

"वहिनींनी मोजलंय का?" त्यांनी विचारलं.

"तिनं कशाला मोजायचं? मोजायचं काम तुमचं ना?"

"तरी घरी एकदा विचारून बघा," मापवाले म्हणाले. "बहुतेक मोजलेलं असतं."